वाऱ्याला आकडे देणारे ब्यूफोर्ट

आयर्लंडमध्ये १७७४ साली जन्मलेले फ्रान्सिस ब्यूफोर्ट पंधरा वर्षांचे असताना त्यांचे जहाज चुकीच्या नकाशामुळे फुटले. ते बचावले, अचूक नोंदींचा ध्यास मात्र जन्मभर राहिला. त्या काळी एका कप्तानाला जो सोसाट्याचा वारा वाटे, तो दुसऱ्याच्या लेखी झुळूकच असे. १८०६ मध्ये ‘वूलविच’ जहाजावर असताना ब्यूफोर्ट रोजनिशीत वाऱ्याला आकडे देऊ लागले. कल्पना अगदी नवी नव्हती, पण त्यांनी तिला शिडांचे माप दिले. शून्य म्हणजे निवांत; बारा म्हणजे एकही शीड टिकणार नाही असे हरिकेन. १८३८ मध्ये ब्रिटिश नौदलाने ही श्रेणी स्वीकारली. १८५७ मध्ये ब्यूफोर्ट वारले.

पुढे या आकड्यांना वेग जोडले गेले. बारा म्हणजे ताशी सुमारे ११८ किलोमीटर आणि त्याहून अधिक. शीड फाटल्यावर खलाशाला आणखी मोजायचे तरी काय? किनाऱ्यावरच्या घरांचे तसे नाही. म्हणून १९७०च्या दशकात अमेरिकेत आलेली सॅफिर-सिम्पसन श्रेणी साधारण तिथूनच सुरू होते. पहिल्या वर्गात छपरांचे नुकसान होते. पाचव्यात, ताशी २५२ किलोमीटरपासून पुढे, लाकडी सांगाड्याची बरीचशी घरे जमीनदोस्त होतात.