अंतःकरण जाणणाऱ्या प्रभूचे पुराणकार : फादर थॉमस स्टीफन्स



गोवंडीच्या दाट वस्तीत घराला घर लागून आहे. शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येते, मन मात्र कळत नाही. ते केवळ परमेश्वर जाणतो. ज्यांनी ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत आणले, त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे आम्ही आज कृतज्ञतेने स्मरण करीत आहोत.

त्यांचा जन्म सुमारे १५४९ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. राणी एलिझाबेथच्या राजवटीत तेथे कॅथलिक उपासनेस बंदी होती. अनेक श्रद्धावंतांना आपला विश्वास अंतःकरणात दडवावा लागे. त्यांचे स्नेही थॉमस पाउंड यांनी तर श्रद्धेपायी दीर्घ कारावास भोगला. स्टीफन्स रोमला गेले व १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन सोडून ते २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले.

साष्टी प्रांतात त्यांनी सुमारे चार दशके सेवा केली. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे, देवळांच्या विध्वंसाने संतप्त झालेल्या ग्रामस्थांच्या हातून पाच येशूसंघीयांचा वध झाला. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना ठार केले. सत्तेच्या धाकाने बाह्य आचार बदलतो, अंतःकरण नव्हे, हा धडा आम्हाला येथे घ्यावासा वाटतो.

फादर स्टीफन्स यांनी लोकांच्या भाषेची वाट धरली. जुनी पुराणे दुरावलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांनी नव्या पुराणाची मागणी केल्याचा प्रसंग त्यांच्या ग्रंथारंभीच येतो. १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापलेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हे त्याचे फळ. कोकणीचे व्याकरणही त्यांनी रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. १६१९ मध्ये ते गोव्यातच प्रभुवासी झाले.

शुभवर्तमानांतील प्रभू येशू अंजिराच्या झाडाखालील नथनेलला भेटीपूर्वीच ओळखतात, कफर्णहूमच्या शास्त्र्यांचे अव्यक्त विचार जाणतात, शोमरोनी स्त्रीचे पूर्वायुष्य जाणूनही तिला जिवंत पाणी देऊ करतात. हे जाणणे पहारेकऱ्याचे नव्हे, वैद्याचे आहे. तो दुखणे शोधतो, ते बरे करण्यासाठी.

म्हणूनच पापनिवेदनास जाताना आपण प्रभूला नवे काही सांगत नसतो. त्याला ठाऊक असलेलेच त्याच्या हाती सोपवीत असतो. ज्या मनाला आपण घरच्यांपासूनही लपवतो, ते या आठवड्यात निर्भयपणे त्याच्यासमोर उघडू या.