वैद्यकीय प्रतिमांच्या गणितातील कोसंबी

प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव मराठी वाचकांना चांगलेच परिचित आहे. व्यवसायाने मात्र ते गणिताचे प्राध्यापक होते. १९४३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका निबंधातील गणित आज मेंदू आणि हृदयाच्या प्रतिमांचे विश्लेषण शिकवणाऱ्या प्रगत ग्रंथांचा भाग बनले आहे. त्यांपैकी बहुतेक ग्रंथ हे प्रमेय इतर दोघांच्या नावाने ओळखतात.

कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबे येथे झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक होते. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधनासाठी ते अमेरिकेस गेले असता दामोदर यांना सोबत घेऊन गेले. त्यामुळे त्यांचे बरेचसे शिक्षण मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे झाले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत मिळवून ते भारतात परतले.

प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात आणि त्यानंतर अलीगढ मुस्लिम विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. अलीगढला त्यांना बोलावणारे होते तरुण फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेय. वेय यांच्या सूचनेवरून कोसंबी यांनी १९३१ मध्ये एका लेखात बुर्बाकी नावाच्या काल्पनिक रशियन गणितज्ञाचे प्रमेय उद्धृत केले. ही निव्वळ थट्टा होती. पुढे काही वर्षांनी फ्रेंच गणितज्ञांच्या एका गटाने हेच नाव धारण करून आधुनिक गणिताची ग्रंथमालाच सिद्ध केली. एका भारतीय नियतकालिकातील विनोद असा जगाच्या गणितात जाऊन बसला.

१९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. विकलक समीकरणांतून निर्माण होणाऱ्या वक्रांच्या भूमितीवरील त्यांचा निबंध त्याच वर्षी जर्मनीतील अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच विषयावर एली कार्तां यांच्यासारख्या श्रेष्ठ गणितज्ञाने टिपण लिहिले. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. पुण्याच्या वास्तव्यातच ते संख्याशास्त्राकडे वळले आणि १९४३ चा निबंध त्यातूनच आकारास आला. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापलेल्या या निबंधाची पृष्ठे होती अवघी तेरा.

या निबंधाचा गाभा समजून घेण्यास एक उदाहरण उपयोगी पडेल. एखाद्या रुग्णाच्या मेंदूच्या एकाच छेदाच्या, थोड्या थोड्या वेळाने घेतलेल्या शंभर प्रतिमा संगणकात साठवल्या आहेत. प्रत्येक प्रतिमेत हजारो बिंदू, म्हणजे एकूण लाखो आकडे. परंतु हे आकडे परस्परांपासून स्वतंत्र नसतात. रक्तप्रवाह वाढला की काही बिंदू एकत्र उजळतात, रुग्णाने डोके हलविले की कडांवरचे बिंदू एकत्र बदलतात. खरे बदल मोजकेच असतात.

कोसंबी यांच्या पद्धतीत प्रथम सर्व प्रतिमांची सरासरी काढली जाते. नंतर सरासरीपासूनचा सर्वाधिक फरक ज्या एका आकृतिबंधाने व्यक्त होतो तो शोधला जातो. उरलेल्या फरकातून दुसरा, मग तिसरा, असा हा क्रम पुढे चालतो. प्रत्येक मूळ प्रतिमा म्हणजे सरासरी अधिक या आकृतिबंधांचे कमीअधिक प्रमाणातील मिश्रण होय, आणि एका आकृतिबंधाच्या प्रमाणाचा दुसऱ्याच्या प्रमाणाशी सहसंबंध नसतो. बहुतेक माहिती पहिल्या काही आकृतिबंधांतच सामावते, शेवटच्यांत प्रामुख्याने यंत्राचा गोंगाट उरतो. तो वगळला की प्रतिमा स्वच्छ होते आणि साठवणुकीची जागाही वाचते.

मर्यादित आकड्यांच्या यादीसाठी अशी रीत इंग्लंडचे कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्ये व अमेरिकेचे हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९३३ मध्ये मांडली होतीच. कोसंबी यांनी आकड्यांच्या यादीऐवजी सलग वक्र, म्हणजे संपूर्ण फलन, हाच अभ्यासाचा घटक मानला. हृदयाच्या विद्युत आलेखासारखा अखंड बदलणारा संकेत त्यामुळे या चौकटीत आला.

१९९० च्या दशकात मँचेस्टर येथील संशोधकांनी याच तत्त्वावर अवयवांच्या आकाराची प्रारूपे तयार केली. अनेक रुग्णांच्या अवयवांच्या बाह्यरेषांवरून त्या अवयवाचा आकार कसकसा बदलू शकतो हे संगणक शिकतो आणि नव्या प्रतिमेत त्या मर्यादेतच बाह्यरेषा शोधतो. पेट स्कॅन आणि एमआरआय प्रतिमांच्या मालिकांतील गोंगाट कमी करण्यासाठीही ही पद्धत वापरली जाते. किती आकृतिबंध ठेवावेत हा मात्र नाजूक प्रश्न आहे. एखादी लहान गाठ नेमकी वगळलेल्या भागात असू शकते, आणि तेथे गणिताला वैद्याच्या अनुभवाची जोड लागते.

हेच प्रमेय फिनलंडचे कारी कार्हुनेन आणि फ्रान्समध्ये कार्यरत असलेले मिशेल लोएव यांनी त्याच दशकात, कोसंबी यांच्यानंतर, स्वतंत्रपणे सिद्ध केले. लोएव यांचा जन्मही १९०७ चाच. त्यांचा संभाव्यताशास्त्रावरील ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या विद्यापीठांत पोहोचला. अभियांत्रिकीच्या ग्रंथांत कार्हुनेन-लोएव हे जोडनाव रूढ झाले. युद्धकाळात भारतीय नियतकालिकात छापलेला निबंध पाश्चात्त्य ग्रंथालयांत फारसा वाचला गेला नाही. येथे कोणी कोणाचे श्रेय हिरावले असे म्हणता येणार नाही, पण प्रकाशनस्थळाचा परिणाम किती दूरवर होतो हे १९४४ च्या दुसऱ्या एका निबंधाशी तुलना केल्यास दिसते. गुणसूत्रावरील जनुकांचे अंतर काढण्याचे कोसंबी यांचे सूत्र लंडनच्या नियतकालिकात आले. पिकांचे जनुकीय नकाशे तयार करणारे शास्त्रज्ञ ते आजही त्यांच्याच नावाने वापरतात.

इतिहासाकडेही कोसंबी संख्याशास्त्राच्या वाटेनेच आले. वापराने नाणी झिजतात, त्यांचे सरासरी वजन घटते आणि वजनांतील तफावत वाढते. या साध्या निरीक्षणाच्या आधारे त्यांनी आहत नाण्यांचे संच तराजूवर तोलून त्यांचा कालक्रम लावण्याचा प्रयत्न केला. भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांनी संपादित केलेली चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये, तर भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील गाजलेला ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला.

होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले होते. पुण्यात घर आणि मुंबईत काम, त्यामुळे डेक्कन क्वीनमधील त्यांचा वाचन-लेखनाचा नित्यक्रम पुढे प्रसिद्ध झाला. परंतु अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा त्यांनी केलेला पुरस्कार भाभांच्या धोरणाशी जुळणारा नव्हता. १९५९ मध्ये त्यांनी कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात रीमान गृहीतकाविषयी केलेला दावा गणितज्ञांनी मान्य केला नाही आणि त्यांच्या प्रतिष्ठेला मोठाच धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेशी असलेला त्यांचा करार संपला व त्याचे नूतनीकरण झाले नाही. यानंतरही ते मूळ संख्यांवर लिहीत राहिले. काही निबंधांवर त्यांनी एस. डुक्रे हे टोपणनाव घातले.

२९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५८ वर्षांचे होते. लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले ते त्यानंतर पाच वर्षांनी, १९७१ मध्ये. आपल्या प्रमेयाचा हा उपयोग पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांचा गणितावरील एकही ग्रंथ त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. मूळ संख्यांवर त्यांनी लिहिलेले हस्तलिखितही हरवले.

जन्मशताब्दीनंतर, २००८ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २०१६ मध्ये रामकृष्ण रामस्वामी यांनी संपादित केलेला त्यांच्या गणित व संख्याशास्त्रविषयक निवडक निबंधांचा संग्रह स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेने प्रकाशित केला. अलीकडे काही संशोधक आणि ग्रंथकार या प्रमेयाचा उल्लेख कोसंबी-कार्हुनेन-लोएव असा करू लागले आहेत.