हाफकिन : नाव माहीत, माणूस नाही!

परळचं हाफकिन इन्स्टिट्यूट बहुतेक मुंबईकरांना माहीत असतं. सर्पदंशावरचं औषध, पोलिओचे डोस असं काहीबाही आठवतं. पण हाफकिन म्हणजे नक्की कोण, असं मी आमच्या ग्रुपमध्ये विचारलं, तर एकाने जर्मन कंपनी सांगितली आणि दुसऱ्याने इंग्रज गव्हर्नर! दोन्ही उत्तरांना शून्य मार्क. मित्रांनो, हा माणूस इंग्रज नव्हता, जर्मन नव्हता, आणि गंमत म्हणजे औषध देणारा डॉक्टरही नव्हता.

वाल्देमार हाफकिनचा जन्म 1860 सालचा. गाव ओडेसा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातलं, आताच्या युक्रेनमधलं. घर ज्यू. तो प्राणिशास्त्र शिकला, हुशार होता, पण प्राध्यापक व्हायचं तर धर्म बदला अशी अट पडली. त्याने धर्म बदलला नाही. 1888 मध्ये देश सोडला आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी मिळवली. कसली? तर लायब्ररीत मदतनिसाची! दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे. यातूनच त्याने कॉलऱ्याची लस तयार केली आणि 1892 च्या जुलैमध्ये पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. 1893 मध्ये ती घेऊन तो कलकत्त्याला आला.

आता आपली मुंबई. 1896 च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक शहर सोडून पळाले, गिरण्या ओस पडल्या. पुढे पुण्यातही हीच परिस्थिती आली. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, त्या याच साथीत, मार्च 1897 मध्ये. सरकारने घरांत सैनिक घुसवले, झडत्या घेतल्या, आणि त्या संतापातून रँडचा वध झाला. एवढा इतिहास आपण शाळेत शिकतो. पण याच दिवसांत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत आणि व्हरांड्यात काय चाललं होतं, ते पुस्तकात नव्हतं.

तिथे हाफकिन ऑक्टोबरपासून प्लेगचे जंतू वाढवत होता. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. मटणाच्या रश्शात जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब सोडायचे. हो, आपलं तूप! त्या तरंगत्या थेंबांना धरून जंतू खाली झुंबरासारखे लोंबत वाढतात. मग उष्णता देऊन ते मारायचे. मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतो. खरा जंतू आला की शरीर आधीच तयार. लसीचं तत्त्व एवढं साधं आहे.

तीन महिन्यांत लस तयार झाली. 10 जानेवारी 1897 ला त्याने स्वतःला टोचून घेतलं, तेही लोकांना द्यायच्या डोसपेक्षा कितीतरी मोठं प्रमाण. सणसणून ताप आला, पण तो वाचला. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना दिली नाही, आणि दोन्ही गटांची तुलना केली. लस घेतलेल्यांमध्ये प्लेग कितीतरी कमी झाला. आपण लॅबमध्ये ज्याला कंट्रोल म्हणतो, तेच हे. नुसतं माझ्यावर विश्वास ठेवा असं न म्हणता त्याने आकडे समोर ठेवले. तरी लोक घाबरतच होते. तेव्हा आगाखानांनी स्वतः टोचून घेतलं, प्रयोगशाळेला जागाही दिली. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. मला रात्रभर झोपू दिलं नाही ते पुढच्या भागाने.

ऑक्टोबर 1902. पंजाबातलं मुलकोवाल गाव. 107 जणांना लस टोचली, त्यातले 19 जण धनुर्वाताने मेले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून लस घेतलेले. चौकशी झाली आणि ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिनला कामावरून दूर केलं. पण ती बाटली गावात उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू तर मातीतच असतात! म्हणजे बिघाड डिझाइनमध्ये नव्हता, साइटवर होता. हे मान्य व्हायला 1907 उजाडलं, आणि त्यासाठी रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांना जाहीरपणे भांडावं लागलं. हाफकिन भारतात परतला, पण कलकत्त्याला. मुंबईची प्रयोगशाळा त्याला परत मिळालीच नाही. 1914 मध्ये तो निवृत्त झाला, 1925 मध्ये परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं, आणि 1930 मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये वारला. लग्न केलं नव्हतं.

त्या 1897 पासून 1925 पर्यंत मुंबईहून लसीचे सुमारे 2 कोटी 60 लाख डोस गेले. आता प्लेगवर अँटिबायोटिक्स आहेत, त्या लसीची गरज उरलेली नाही. पण भीती उरलीय. 2020 नंतर कोविडच्या लसीबद्दल काय काय फॉरवर्ड फिरले, आठवा! शंका घेणं चूक नाही, इंजिनिअरने तर घ्यायलाच हवी. फक्त शंका घेतली की आकडे मागायचे, बाटली कुठली, चिमटा कुणाचा हे शोधायचं, आणि उत्तर मिळालं की ते मानायचंही.

आणि हो, गंजलेला खिळा पायात घुसला, वर्कशॉपमध्ये हात कापला, की "काय होतंय!" म्हणून सोडून देऊ नका. जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन हवं का ते डॉक्टरांना विचारा. मुलकोवालच्या त्या एकोणीस जणांच्या काळात धनुर्वाताला रोखणारी लस नव्हती. आपल्याला ती सरकारी दवाखान्यात मिळते.