सुवर्णकाराची बासरी

सोन्याचांदीचे काम हा आपल्या ज्ञातीचा पिढीजात व्यवसाय. त्याच व्यवसायात जन्मलेल्या एका जर्मन कारागिराने जगाच्या संगीतास नवी बासरी दिली. आपल्या घरांतील मुलामुलींस ही हकीकत ठाऊक असावी, म्हणून हा अल्प परिचय.

थिओबाल्ड बोएम यांचा जन्म ९ एप्रिल १७९४ रोजी म्युनिक शहरी झाला. वडील सुवर्णकार, त्यांच्याच हाताखाली ते धंदा शिकले. बासरीचा नाद लहानपणापासूनचा. एका जुन्या नमुन्यावरून त्यांनी स्वतःसाठी बासरी घडविली आणि पुढे १८१८ साली बव्हेरियाच्या राजदरबारी वाद्यवृंदात वादकाचे पद मिळविले. १८२८ साली त्यांनी बासऱ्यांचा स्वतःचा कारखाना काढला.

त्या काळची आडवी बासरी बहुधा लाकडाची असे. तिची छिद्रे बोटांच्या सोयीने पाडीत. त्यामुळे काही स्वर खणखणीत, तर काही दुबळे निघत. १८३१ साली लंडन येथे चार्ल्स निकल्सन यांची मोठ्या छिद्रांची बासरी ऐकून बोएम यांची दृष्टी पालटली. छिद्र स्वरास हवे तेथेच पाडावे आणि बोट पोचत नसेल तेथे कळ पोचवावी, असे त्यांनी ठरविले. १८३२ च्या बासरीत त्यांनी दांड्या व कडी अशी जुळविली की, एक छिद्र झाकणारे बोटच दूरचे दुसरेही झाकू लागले.

या बासरीस पॅरिस व लंडन येथे मान्यता मिळाली. दुसरा कोणी येथेच थांबला असता. परंतु नळीच्या पोकळीचा आकार अद्याप अंदाजानेच ठरतो, हे शल्य त्यांच्या मनात होते. १८४६ साली, वयाची बावन्न वर्षे झाली असता, ते म्युनिक विद्यापीठात प्राध्यापक शाफहॉइटल यांच्यापाशी ध्वनिशास्त्र शिकू लागले. त्या अध्ययनातून १८४७ साली नवी बासरी सिद्ध झाली. तिची धातूची नळी सारख्या व्यासाची असून केवळ मुखाकडील भाग निमुळता होता. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात तिला पारितोषिक मिळाले. पॅरिसच्या कारागिरांनी कड्यांची युक्ती क्लॅरिनेटलाही लावली. २५ नोव्हेंबर १८८१ रोजी बोएम निवर्तले. पाश्चात्य वाद्यवृंदातील बासरी आजही मुख्यतः त्यांच्याच रचनेची असते.

हाताने काम करणाऱ्यास पुस्तक कशाला आणि शिकलेल्याने ऐरणीपाशी कशाला बसावे, असे आपल्यात अजूनही पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. बोएम यांनी ऐरण सोडली नाही आणि उतारवयात विद्यार्थी होण्याची लाजही बाळगली नाही. आपल्या तरुणांनी या चरित्रातून एवढे जरी उचलले, तरी पुरे आहे.