सुताराचे घड्याळ

धाराशिवच्या एखाद्या मोकळ्या पटांगणात सकाळी एक काठी सरळ रोवावी आणि तिची सावली न्याहाळत बसावे. सूर्य जसजसा वर चढतो, तसतशी सावली आखूड होत जाते. ज्या क्षणी ती सर्वांत आखूड होते, तोच त्या गावचा खरा मध्यान्ह. परंतु त्या वेळी मनगटावरील घड्याळात मात्र बारा वाजून गेलेले असतात. वर्षाची सरासरी काढली, तर हा फरक सुमारे २६ मिनिटांचा भरतो. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशावरील वेळ दाखवतात आणि धाराशिव आहे सुमारे ७६ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. म्हणजे ठरावीक ठिकाणची वेळ सांगणारे घड्याळ जवळ असेल, तर सूर्याकडे पाहून आपण त्या ठिकाणापासून पूर्वेस वा पश्चिमेस किती दूर आहोत, हे सांगता येते.

हे तत्त्व विद्वानांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. उणीव होती ती भर समुद्रातही न चुकणाऱ्या घड्याळाची. ही उणीव ज्याने भरून काढली, तो कोणी मोठा पंडित नव्हता. तो एक सुतार होता. त्याचे नाव जॉन हॅरिसन.

जॉनचा जन्म १६९३ साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. वडिलांचा धंदा सुतारकामाचा. जॉनही तोच शिकला. शाळेचे शिक्षण त्याला फारसे लाभले नाही, पण ज्ञानाची तहान मोठी. एका धर्मोपदेशकाने त्याला पदार्थविज्ञानावरील व्याख्यानांची हस्तलिखित वही वाचावयास दिली. जॉनने ती सारी वही आकृत्यांसह उतरवून काढली.

दिवसभर करवत व रंधा चालवावा आणि उरलेल्या वेळात घड्याळाची चक्रे कोरावी, असा त्याचा क्रम सुरू झाला. १७१३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने आपले पहिले मोठे घड्याळ पुरे केले. त्याची बहुतेक सर्व चक्रे लाकडाची होती. पुढे त्याने अंगचे तेल असणारे एक कठीण लाकूड वापरले. त्यामुळे घड्याळास वंगण घालण्याची गरजच राहिली नाही. उन्हाळ्यात लंबक लांबतो आणि घड्याळ मागे पडते, यावरही त्याने उपाय शोधला. पितळ व पोलाद या धातूंच्या सळ्या त्याने अशा जोडल्या, की एकीचे वाढणे दुसरीने भरून काढावे. या कामी त्याचा धाकटा भाऊ जेम्स त्याच्या जोडीला होता.

इकडे समुद्रावर अनर्थ ओढवत होते. १७०७ साली इंग्लंडच्या आरमाराची चार जहाजे मार्ग चुकून खडकांवर आपटली व शेकडो खलाशी बुडाले. १७१४ साली तेथील संसदेने, समुद्रावर रेखांश अर्ध्या अंशापर्यंत अचूक काढण्याची रीत दाखवणारास २०,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. अर्धा अंश म्हणजे अवघी दोन मिनिटे! वेस्ट इंडीजपर्यंतच्या सहा आठवड्यांच्या प्रवासात घड्याळाने दिवसास सुमारे तीन सेकंदांहून अधिक चुकता कामा नये.

जहाजाच्या डोलण्यात लंबक टिकणार नाही, हे हॅरिसनने ओळखले. त्याने १७३५ साली लंबकावाचून चालणारे, सुमारे ३४ किलो वजनाचे यंत्र तयार केले. पुढल्या वर्षी लिस्बनहून परतताना त्याने जहाजाच्या अधिकाऱ्याची सुमारे ६० मैलांची चूक दाखवून दिली. सर्वांनी वाखाणणी केली. तो स्वतः मात्र संतुष्ट नव्हता. दुसऱ्या यंत्रातील दोष त्याचा त्यालाच आढळला, तेव्हा त्याने ते बाजूस सारले. तिसऱ्यावर तो १९ वर्षे खपला. त्यातही मनासारखे यश आले नाही, तेव्हा त्याने साऱ्या कल्पना नव्याने मांडल्या. मोठ्या यंत्राऐवजी, लहान पण जलद आंदोलन पावणारे चक्र अधिक स्थिर राहते, हे त्याच्या ध्यानात आले. १७५९ साली तयार झालेले त्याचे चौथे घड्याळ केवळ १३ सेंटिमीटर व्यासाचे होते.

१७६१ साली त्याचा मुलगा विल्यम हे घड्याळ घेऊन जमैकास निघाला. ८१ दिवसांत ते अवघे पाच सेकंद मागे पडले. तरीही परीक्षकांना तो योगायोग वाटला. रेखांशाचे उत्तर चंद्राच्या गतीत शोधावे, असे मोठमोठ्या ज्योतिर्विदांचे मत होते. दुसरी सफर झाली. तीतही घड्याळ कसोटीस उतरले. मग रचना उघड करण्याची अट घालून निम्मी रक्कम देण्यात आली आणि घड्याळे ताब्यात घेतली गेली. म्हातारा हॅरिसन खचला नाही. त्याने आणखी एक घड्याळ घडवले. राजा तिसरा जॉर्ज याने ते १७७२ साली स्वतः तपासले. अखेर १७७३ साली संसदेने त्याला ८,७५० पौंड दिले. तेव्हा तो ८० वर्षांचा होता. त्याच्या घड्याळाची प्रतिकृती बरोबर घेऊन कॅप्टन कुक १७७५ साली दक्षिण समुद्रांतून सुखरूप परतला. पुढल्याच वर्षी हॅरिसनने देह ठेवला.

मूळ बक्षीस कोणालाच रीतसर मिळाले नाही. पण त्यानंतर अगणित जहाजे घड्याळाच्या आधाराने सुखरूप बंदरास लागली. दुसऱ्याने दोष काढण्यापूर्वी आपल्या कामातील दोष आपण शोधणे, हीच या सुताराची खरी विद्या होती. पटांगणातील काठीची सावली मोजताना त्याची आठवण ठेवावी.