पोरांच्या तोंडी असलेलं व्याकरण बांधणारा माणूस : दादोबा पांडुरंग

कुरुळी (ता. खेड) : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद... शाळेतली पोरं ही यादी पाढ्यासारखी घडाघडा म्हणतात. कंपनीतली शिफ्ट करून रात्री पोलीस भरतीचा नाही तर तलाठी भरतीचा अभ्यास करणाऱ्या तरुणांनाही मराठी व्याकरणाचे मार्क सोडून चालत नाही. पण मराठीला हे व्याकरण कुणी बांधून दिलं, हे विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. त्या माणसाचं नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ते ओळखले जातात.

दादोबांचा जन्म 9 मे 1814 रोजी मुंबईत झाला. घराण्याचं मूळ गाव वसईकडचं तर्खड, त्यावरून आडनाव तर्खडकर. त्यांच्या लहानपणी पेशवाई मोडून इंग्रजांचा अंमल बसत होता. शाळेत दादोबा इंग्रजी शिकले, तेव्हा त्या भाषेचं व्याकरण त्यांच्या हाती आलं. संस्कृतला तर हजारो वर्षांचं व्याकरण होतंच. मग आपण घरात, बाजारात जी भाषा बोलतो, तिलाही नियम असतील की नाही? हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. 1836 साली त्यांचं मराठी व्याकरणाचं पुस्तक छापून आलं. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं 22 वर्षं, म्हणजे आज भरतीची तयारी करणाऱ्या पोराएवढं.

मराठीचं व्याकरण लिहिणारे ते पहिलेच नव्हते. बंगालमधल्या श्रीरामपूरहून विल्यम कॅरी यांनी 1805 मध्येच मराठीचं व्याकरण इंग्रजीत छापलं होतं. पण मराठी माणसाने मराठीत लिहिलेलं आणि शाळाशाळांतून पिढ्यान् पिढ्या चाललेलं पुस्तक म्हटलं, की नाव दादोबांचंच येतं.

काम अवघड का होतं?

साधं वाक्य घ्या. ट्रक फाट्यावर थांबला. यात ट्रक हे नाम, थांबला हे क्रियापद. फाटा या शब्दाला 'वर' जोडताना आपण फाटावर म्हणत नाही, फाट्यावर म्हणतो. शब्दाचं हे जे रूप बदलतं, त्याला सामान्यरूप म्हणतात आणि 'वर' हे शब्दयोगी अव्यय. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा इथे चुकत नाही.

आता दुसरं बघा. पोरगा भाकरी खातो, पण पोराने भाकरी खाल्ली. पहिल्या वाक्यात क्रियापद पोराप्रमाणे चालतं, दुसऱ्यात भाकरीप्रमाणे. भाकरीऐवजी लाडू असता तर खाल्ला झालं असतं. पहिला कर्तरी प्रयोग, दुसरा कर्मणी. असल्या गोष्टी इंग्रजीच्या साच्यात बसत नव्हत्या आणि संस्कृतच्याही पूर्ण बसत नव्हत्या. दादोबांनी शब्दांच्या आठ जातींची मांडणी इंग्रजी व्याकरणावरून घेतली, नावांसाठी संस्कृतचा आधार घेतला आणि माल मात्र मराठीचा भरला. आज पाठ करतो त्या आठ जाती याच वाटेने आल्या.

पुस्तकाबाहेरचे दादोबा

सुरतेत शिक्षक असताना 1844 मध्ये त्यांनी दुर्गाराम मेहता यांच्यासोबत मानवधर्म सभा काढली. 1846 मध्ये बाळशास्त्री जांभेकर गेले. त्यांच्यानंतर मुंबईत शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाचं काम दादोबांकडे आलं. पुढे 1849 च्या सुमारास परमहंस सभा उभी राहिली. जात मानायची नाही, असं ठरवलेली ही मंडळी गुपचूप जमत आणि जातीचे निर्बंध मोडून एकत्र जेवत. उघडपणे असं करणाऱ्याला तेव्हा वाळीत टाकलं जाई. 1860 मध्ये सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा मोडली. तीच धडपड पुढे नेत त्यांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी 1867 मध्ये प्रार्थना समाज स्थापन केला.

1852 पासून दादोबा अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात डेप्युटी कलेक्टर होते. 1857 च्या धामधुमीत तिथल्या भिल्लांचा उठाव मोडण्यात त्यांनी सरकारची बाजू घेतली आणि रावबहादूर हा किताब मिळवला. जातीचे निर्बंध मोडू पाहणारा माणूस रानातल्या लोकांविरुद्ध कंपनी सरकारकडून उभा राहिला, हेही त्यांच्या चरित्रात येतं. ते झाकायचं कारण नाही.

45 वर्षं एकाच पुस्तकाची दुरुस्ती

व्याकरण मात्र त्यांनी सोडलं नाही. 1850 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी बरंच नव्याने लिहिलं. लहान मुलांना जड जाऊ नये म्हणून 1865 मध्ये लघुव्याकरण काढलं. त्याच वर्षी मोरोपंतांच्या केकावलीवरची त्यांची टीका, यशोदा पांडुरंगी, प्रसिद्ध झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वानाने त्यांच्या व्याकरणातल्या उणिवा सविस्तर दाखवल्या. तरी दादोबांचं काम चालूच राहिलं. 1881 मध्ये, वयाच्या 67 व्या वर्षी, त्यांनी आपल्याच व्याकरणाला पुरवणी म्हणून पूरणिका छापली. पुढच्याच वर्षी, 17 ऑक्टोबर 1882 रोजी त्यांचं निधन झालं. नंतर मोरो केशव दामले यांनी 1911 मध्ये शास्त्रीय मराठी व्याकरण लिहून हे काम आणखी पुढे नेलं.

आज चाकण पट्ट्यात मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून माणसं कामाला येतात. प्रत्येकाची बोली वेगळी. परीक्षेत प्रमाण मराठी लागते, ती शिकावीच लागेल. पण म्हणून आला व्हता म्हणणाऱ्या पोराला वर्गात कुणी हसू नये. त्याच्या बोलीतही कर्ता आणि क्रियापद नेमाने जुळतात, सामान्यरूप जागच्या जागी येतं. आपल्या बोलण्याला नियम असतात, हेच दाखवायला दादोबा 22 व्या वर्षी बसले होते. आणि त्यांना स्वतःलाही ते पुस्तक मनासारखं करायला सगळा जन्म पुरला नाही, हे पहिल्या चाचणीत मार्क गेलेल्या पोराला सांगायला हरकत नाही.