चिखलात रमलेले फादर ब्लाटर

शहाड सोडून गाडी आंबिवलीकडे निघाली की उल्हास नदीचा पूल लागतो. उन्हाळ्यात खाली पाणी कित्येकदा दिसतच नाही. दिसते ती जलपर्णी आणि तिच्यावरचे फिकट जांभळे तुरे. नवखा प्रवासी हरखतो. पण याच नदीचे पाणी शहाडला उचलून टेमघरला शुद्ध केले जाते आणि ठाणे-भिवंडीच्या नळांना जाते, हे ठाऊक असणाऱ्याला त्या फुलांचे कौतुक वाटत नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही पाहुणी सांडपाण्यावर पोसते आणि पाण्यातला उजेड व प्राणवायू अडवते. मग पाण्याकाठची आपली झाडे कोणती, आणि ती काय करतात? या प्रश्नाशी एका परदेशी धर्मगुरूचे नाव जोडलेले आहे.

इथेलबर्ट ब्लाटर यांचा जन्म १८७७ साली स्वित्झर्लंडच्या डोंगराळ आपेन्झेल भागात झाला. समुद्र नाही, खाडी नाही, अशा मुलखातला हा जेझुइट तरुण १९०३ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवायला आला. त्याने अभ्यासाला निवडले काय, तर चिखल! आजही आपण नाकाला रुमाल लावून जी जागा ओलांडतो, तिथे तो उतरला. १९०५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, मुंबई इलाख्यातील कांदळवनांवरचा त्याचा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

विषय मोठा विलक्षण आहे. खाडीच्या चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळे खुंट्यांसारखी वर येऊन श्वास घेतात. पोटात गेलेले मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि लांब शेंगेसारखे रोप खाली पडते. मारांडी काटेरी खरी, पण तिची निळी फुले बागेतल्या फुलांना लाजवतील. या मुळांच्या गर्दीत भरतीच्या पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो, किनारा धुपत नाही. गोड्या पाण्यात हेच काम पाणकणीस करते. ते आपल्या मुळांपर्यंत हवा पोचवते. तिथले सूक्ष्म जीव मैलापाण्यातली घाण मोडतात आणि काही नत्रवायू हवेत परत जातो. दलदल म्हणजे वाया गेलेली जमीन, हा आपला जुना गैरसमज. भराव टाकण्याचा सोपा परवाना आपण त्यातूनच काढला.

मधली काही वर्षे ब्लाटर शिक्षणासाठी युरोपात होते. परतल्यावर १९१९ मध्ये ते झेवियर्सचे प्राचार्य झाले, पण खुर्चीत बसून राहणे त्यांच्या स्वभावात नसावे. नेचे, ताडवृक्ष, काश्मीरची फुले, वाळवंटातल्या वनस्पती, सगळ्यांवर त्यांनी लिहिले. सहकारी व शिष्य घडवण्याची त्यांची हातोटी मला या ग्रंथांहून मोठी वाटते. सिंधू नदीच्या मुखाकडील वनस्पतींचा अभ्यास त्यांनी चार्ल्स मकॅन आणि आपले सबनीस यांच्यासह प्रसिद्ध केला. मुखपृष्ठावर शिष्यांची नावे घालणारे गुरू तेव्हाही थोडेच होते!

पुढे प्रकृती ढासळली. पाचगणीची हवा त्यांच्या ओळखीची होती. तिथल्या वनस्पतींवर त्यांनी पूर्वीच लिहिले होते. पावसाळ्यात त्या पठारावरच्या ओल्या कातळावर सीतेची आसवे फुलतात. एवढीशी निळी फुले, पण पाण्यातले किडे धरून खातात.

२६ मे १९३४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मकॅनबरोबर लिहिलेले मुंबई इलाख्यातील गवतांवरचे पुस्तक दुसऱ्या वर्षी निघाले.

झेवियर्समध्ये त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आहे. कपाटांतून वाळवलेले लाखाहून अधिक नमुने आहेत. अशा कागदावर झाडाच्या नावाखाली गोळा केल्याची जागा आणि तारीख लिहिण्याची पद्धत असते. खाडीकाठचा एखादा पत्ता उतरवून घेऊन आज त्या जागी गेले, तर तिथे तिवर उभा आहे की भराव, एवढे पाच मिनिटांत कळते.